छेदबाई

माझ्या मेव्हणीला मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा तिच्या हातात पोलादी टेप होती आणि चुकीच्या पत्त्यावर आलेल्या कपाटाकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत होती. तिच्या धाकट्या बहिणीशी मला लग्न करायचं आहे, एवढंच सांगायला मी त्या घरी गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट होता, केसांना तेल होतं, बोलायची चार वाक्यं जिन्यात उभं राहून पाठ केली होती. दार तिनं उघडलं. ‘या’ नाही, ‘बसा’ नाही, एकदम म्हणाली, “उंची किती?”

“पाच फूट आठ इंच.”

“अधिक-उणे किती?”

मला आयुष्यात कुत्रा चावलेला आहे, भर सभेत माझी खुर्ची मोडलेली आहे, पण इतका निरुत्तर मी कधी झालो नव्हतो. माणसाच्या उंचीला अधिक-उणे असतं हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मी उसनं अवसान आणून म्हणालो की अधिक नाही नि उणे नाही, आठ म्हणजे आठ. यापेक्षा मी तिच्या वडिलांना शिवी दिली असती तरी परवडलं असतं. पुढचा अर्धा तास, जो मला एका शैक्षणिक वर्षाएवढा वाटला, त्या बाईनं मला दाराच्या चौकटीला टेकवून मोजलं. बूट काढून मोजलं, मोजे काढून मोजलं, श्वास आत ओढायला लावून आणि सोडायला लावून मोजलं. डोक्यावर जाडजूड शब्दकोश ठेवला, तो केस दाबून एकदा आणि न दाबता एकदा. जिन्यात शेजारी जमले, त्यांचे पाहुणे जमले, समोरच्या इमारतीतून एकानं खुर्ची आणून टाकली. शेवटी तिनं आतल्या खोलीकडे तोंड करून निकाल दिला, “पाच फूट साडेसात, अधिक-उणे पाव इंच. थापाड्या नाहीये गं, नुसता गलथान आहे. करून टाक.”

अशा रीतीनं माझं लग्न ठरलं.

ताई, म्हणजे ही मेव्हणी, रागीट होती हे सांगण्यात अर्थ नाही. आग गरम होती असं कुणी लिहीत नाही. सांगायचं ते हे की तिचा राग माणसांवर क्वचितच असे, आकड्यांवर असे. नेमकेपणाचा आव आणून उघड्यानागड्या फिरणाऱ्या आकड्यावर ती तुटून पडायची. आमचे साडू, म्हणजे ताईचा नवरा, दाताचे डॉक्टर. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना आणि मागे बिऱ्हाड. साडू म्हणजे शांत, गोल, लोण्याचा गोळा. खुर्चीतल्या माणसाला ते मऊ आवाजात म्हणायचे, “आता जरासं दुखेल हं.” की आतून आरोळी यायची, “जरासं म्हणजे किती?” रोगी दचकायचा, साडू दचकायचे, आणि कधीकधी हातातलं यंत्रही दचकायचं. दोघांचाही धंदा छेदाचाच, असं आम्ही घरात म्हणायचो. फरक एवढाच की साडू छेद बुजवायचे आणि ताई त्यासाठी भांडायची.

हा छेद काय, ते आता सांगायला हवं. गावाबाहेर जमिनीखाली एक भला मोठा गोल बोगदा आहे. त्यात एक नळी. नळीतून एका दिशेनं इलेक्ट्रॉनांचे पुंजके धावतात आणि उलट दिशेनं पॉझिट्रॉनांचे. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचं जुळं भावंड, फक्त वीजभार उलटा. एका ठरलेल्या जागी हे पुंजके समोरासमोर येतात. बहुतेक वेळा बोलणं बंद असलेले नातेवाईक एखाद्या समारंभात एकमेकांच्या अंगावरून जातात तसे ते जातात, काहीच होत नाही. पण एखादी जोडी खरोखर धडकते, दोघंही संपतात, आणि त्या ऊर्जेतून काहीतरी नवं जन्माला येतं. त्या नव्याची वाट बघत तिथं शे-दोनशे शिकलेली माणसं बसलेली असतात. बघायला येणाऱ्या पाहुण्यांना हे सगळं समजावून सांगणं ही माझी नोकरी. ती मला ताईमुळे लागली असं लोक म्हणतात. ताईचा त्या नोकरीशी संबंध एवढाच, की मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिनं मला सांगितलं होतं, “तुला घेतलं तर ती त्यांची चूक. मी जबाबदार नाही.”

आता समजा एखादी नवी वस्तू हजार वेळा सापडली. हे हजार म्हणजे खूप की थोडे? एखादा सांगतो, मी बुद्धिबळाचे दहा डाव जिंकलो. खेळला किती? अकरा की अकराशे? ते कळल्याशिवाय त्याच्या दहाला काडीची किंमत नाही. तसंच इथे धडकायची संधी एकूण किती मिळाली, ते मोजावं लागतं. दिवसामागून दिवस साठत गेलेल्या त्या संधीच्या बेरजेला म्हणतात संकलित दीप्ती. अपूर्णांकात वर अंश, म्हणजे काय सापडलं ते. खाली छेद, म्हणजे ही दीप्ती. अंशवाल्यांचे फोटो निघतात, सत्कार होतात. छेदवाल्यांना उपाहारगृहात कोपऱ्यातलं टेबल मिळतं. ताई छेदवाल्यांची प्रमुख होती आणि अख्खी प्रयोगशाळा तिला छेदबाई म्हणायची. तोंडावर नाही. तोंडावर म्हणायला जी छाती लागते ती त्यांच्यातल्या कुणाकडे नव्हती.

शेजारच्या आजींना बरीच वर्षं वाटत होतं की दीप्ती ही ताईची मुलगी. फोनवर ताई सारखी म्हणायची, आज दीप्ती फारच कमी पडली, दीप्तीचं काही खरं दिसत नाही, या महिन्यात दीप्ती सुधारली नाही तर मी कुणाला तरी फाडून खाईन. आजी साडूंना गाठून हळूच विचारायच्या, की पोर अशक्त आहे का, आणि बाहेर कशी दिसत नाही कधी. साडू म्हणायचे, “जमिनीखाली असते.” त्या दिवसापासून आजींनी साडूंकडून दात दाखवून घेणं बंद केलं.

तर ही दीप्ती मोजायची कशी? संधी काही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून असं काहीतरी मोजायचं जे भरपूर घडतं आणि किती घडावं याचं गणित पक्कं ठाऊक आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना नुसते घासून जातात, दोघंही शाबूत राहतात, फक्त वाट किंचित वाकडी होते. ज्यांनी हे गणित मांडलं त्यांच्या आडनावावरून तिथं सगळे याला ‘भाभा’ म्हणतात. हे भाभा मोजायचे, गणितानं भागायचं, की दीप्ती मिळते. त्यासाठी नळीभोवती एक कडं बसवलेलं असतं, पोलिसांच्या बेडीसारखं दोन अर्ध्यांचं, मिटून कुलूप होणारं. यातली मेख अशी की भाभांची गर्दी नळीच्या अगदी लगत असते. सिनेमा सुटल्यावर लोक दाराच्या मधोमध रेटारेटी करतात आणि कडेनं एखाददुसराच निघतो, तसं. माणसं मोजणारा मधल्या गर्दीपासून हातभर बाजूला सरकला तर त्याची मोजणी कोसळते. कडं केसभर सरकलं तर ताईची.

आणि एका वर्षी ते सरकलं. निदान ताईचं म्हणणं तसं होतं.

झालं असं की यंत्र दुरुस्तीसाठी बंद होतं, तेव्हा ते कडं उघडलं, आतल्या तारा बदलल्या आणि पुन्हा मिटलं. मग यंत्र सुरू केलं ते एका नव्या ऊर्जेवर, जिथं ते आधी कधी चालवलंच नव्हतं. आणि तिथं प्रत्येक गोष्ट गणितापेक्षा टक्काभर जास्त सापडायला लागली. आलेख सरळ चाललेला आणि त्या जागी एक छोटासा फुगवटा. एक टक्का ऐकायला चिल्लर वाटतो, पण त्या लोकांच्या धंद्यात टक्क्यासाठी माणसं घरदार विसरतात. या फुगवट्यामागे आजवर कुणाला न दिसलेला कण आहे असं प्रयोगाच्या प्रमुखांनी जाहीर करायचं ठरवलं. सभागृह ठरलं, पाहुणे ठरले. मला तर फुगवट्याचं चित्र असलेला मोठा फलकही करून घ्यायला सांगितला.

या प्रमुखांना ताईनं नाव ठेवलं फुगवटासर. देखणे, उंच गृहस्थ. बोलताना एक हात असा हवेत धरायचे की त्यात अदृश्य ग्लास आहे असं वाटावं. माणूस वाईट नव्हता, आणि मूर्ख तर अजिबात नव्हता. तेच दुखणं होतं. मूर्ख असता तर ताईनं त्याला एका सकाळी उरकला असता.

ताईकडे भाभा मोजायचा आणखी एक मार्ग होता. कड्यापासून दूर, धडकेच्या जागेभोवती बसवलेल्या मोठ्या शोधक यंत्रात, जे भाभा फार वाकडे जातात ते थोडे असतात, पण तेही मोजता येतात. दुरुस्तीच्या आधी दोन्ही मोजण्या गळ्यात गळे घालून चालत होत्या. दुरुस्तीनंतर कड्याची मोजणी टक्काभर मागे पडली. ताईनं सभेत उभं राहून सांगितलं, की कडं नीट मिटलेलं नाही. मधे फट आहे, दोन्ही अर्धी बाहेर सरकलीत, म्हणून भाभा निसटतायत. छेद टक्क्यानं कमी झाला, म्हणून तुमचा अपूर्णांक टक्क्यानं फुगला. कण नाही न् बिण नाही. कडं उघडा आणि बघा.

यावर सरांनी जे उत्तर दिलं ते इतकं सुंदर होतं की मागच्या रांगेत बसून माझ्या तोंडून वाहवा निसटणार होती. ते म्हणाले, कडं बरोबरच आहे. त्या मोठ्या यंत्रातली मोजणी वाढली आहे, कारण आमचा नवा कण मोडताना कधीकधी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडीच देतो आणि ती जोडी तुम्ही भाभा म्हणून मोजता. म्हणजे बाई, तुमच्या छेदातसुद्धा आमचाच फुगवटा दिसतोय. अभिनंदन.

लोक हसले. टाळ्यासुद्धा पडल्या. त्या टाळ्या आठवल्या की अजून माझं डोकं फिरतं. ज्यांनी उभ्या जन्मात छेदाकडे ढुंकून बघितलं नव्हतं ते त्या दिवशी छेदावर हसत होते. त्यांना बरोबर काय आणि चूक काय याच्याशी घेणं नव्हतं. सभागृह ठरलेलं होतं आणि सगळ्यांना पुढच्या रांगेत बसायचं होतं.

ताई बसली नाही. म्हणाली, “चष्म्यावर डाग पडला की ज्या भिंतीकडे बघाल तिथं डाग दिसतो. मग भिंती रंगवत सुटायचं की चष्मा पुसायचा?”

सर म्हणाले की पुसायला हरकत नाही, पण कडं उघडायचं तर यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवावं लागेल. पुढच्या दुरुस्तीत बघू. आधी जाहीर करू.

“मग छेदावाचून करा,” ताई म्हणाली. “मी छेद देणार नाही.”

एवढं बोलून ती निघून गेली. आता आपल्या भाषेची गंमत बघा. एखाद्याच्या म्हणण्याला छेद देणं म्हणजे ते खोडून काढणं. पण या बाईनं छेद न देऊन छेद दिला होता. दीप्तीच्या आकड्यावर तिची सही असल्याशिवाय कुठलाही निकाल बाहेर जात नसे, आणि ती सही करत नव्हती. सरांनी तिच्या हाताखालच्या दोघांना बोलावून आकडा काढायला सांगितलं. दोघांनाही त्याच सकाळी ताप आला. एकाचा तर इतका वाढला की तो रजा टाकून डोंगर चढायला गेला.

मग ज्याने कडं मिटलं होतं त्या फिटरला बोलावलं. ताईपुढे न घाबरणारा प्रयोगशाळेतला हा एकमेव प्राणी. त्याला विचारलं, कडं बरोबर बसवलं होतं का. तो म्हणाला, “बाई, मी मिटलं तेव्हा खटका वाजला. खटका वाजला की काम झालं. पुढे आत काय चालतं ते तुमच्या भाभाला विचारा.” ताई त्याच्यावर उखडेल असं सगळ्यांना वाटलं. ती उलट सरांवरच उखडली, की खटक्यावर भरवसा ठेवून कण शोधायला निघालात, लाज वाटत नाही का.

घरी तर वीज कडाडत होती. भांडी आपटली जात नव्हती, कारण आपटण्यात नेमकेपणा नसतो. ती शांतपणे ताट ठेवायची आणि मग बोलायची, आणि ते ताटापेक्षा जोरात लागायचं. माझ्या बायकोनं एकदा समजूत घालायला सुरुवात केली, “ताई, एवढा एक टक्का—” आणि पुढचं वाक्य तिला आजतागायत पूर्ण करता आलेलं नाही. साडूंनी तर घरात बोलणंच सोडलं होतं. मला म्हणाले, तुम्हाला सांगतो साडूभाऊ, हल्ली मला दवाखान्यातच बरं वाटतं. तिथं निदान लोक तोंड उघडं ठेवून गप्प बसतात.

आणि तिथंच हे प्रकरण फिरलं.

जाहीर करायची तारीख जवळ आली आणि सरांची दाढ ठणकायला लागली. गावात दाताचे डॉक्टर तसे बरेच, पण दाढेतलं किडकं मूळ साफ करायला हात हवा तो साडूंचाच, हे सगळे जाणून होते. सरांनी आधी दुसरीकडे जाऊन गाल सुजवून घेतला आणि मग निमूट आमच्या साडूंच्या खुर्चीत येऊन बसले. मी बाहेरच्या बाकावर होतो, माझी दातांची सफाई व्हायची होती. मधलं दार उघडं होतं. साडूंनी सरांच्या तोंडात कापूस भरला, नळी अडकवली, दिवा खाली ओढला, आणि आतून ताई आली.

तिनं स्टूल ओढलं आणि खुर्चीशेजारी बसली. साडूंनी डोळ्यांनीच विनवलं, की नको. ताईनं डोळ्यांनीच सांगितलं, की तुम्ही तुमचं काम करा. मग ती बोलायला लागली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सरांनी तिचं सगळं ऐकलं, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. ती म्हणाली, की तुमचा कण खरा असेल तर कडं उघडल्यानं तो पळून जाणार नाही. खोटा असेल तर आज टाळ्या मिळतील आणि पुढच्या दुरुस्तीत हाच फिटर कडं उघडेल, फट सापडेल, आणि मग जग तुम्हाला हसेल. मला नाही हसणार, मला कुणी ओळखतच नाही. सर “आ” म्हणाले. ती म्हणाली, बरोबर, फट नसेल तर काय, हेच विचारताय ना. फट नसेल तर त्याच दिवशी मी तुम्हाला हवा तो आकडा सही करून देते आणि हा गट सोडते. पुन्हा छेदाचं नाव काढणार नाही.

साडूंचा हात थांबला. मीही बाकावर ताठ झालो. ज्या बाईनं अठरा वर्षं दुसरं काही केलं नव्हतं ती तेच पणाला लावत होती, आणि कापसानं तोंड भरलेल्या माणसासमोर.

साडूंनी कापूस काढला. सरांनी चूळ भरली, थुंकले, गाल धरून बसले. मग म्हणाले, “ठीक आहे. उघडा.”

“तोंड तुम्ही उघडायचंय,” साडू म्हणाले.

“कडं हो, डॉक्टर. कडं.”

दाढेच्या दुखण्यात दिलेला शब्द सरांनी नंतर फिरवला नाही, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी एकच अट घातली. फट असलीच तर ती किती आहे हे आधी बोगद्यातली अंतरं मोजणाऱ्या मोजणीवाल्यांनी आपल्या दुर्बिणीसारख्या यंत्रानं सर्वांसमक्ष मोजायची, आणि तोवर कड्याला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. कारण नुसती फट आहे एवढं कळून भागत नाही. किती आहे ते कळलं तरच छेद दुरुस्त करता येतो आणि वर्षभराची मेहनत वाचते. ही अट ताईला इतकी पसंत पडली की तिनं सरांना आयुष्यात पहिल्यांदा ‘छान’ म्हटलं.

यंत्र थांबवलं. किरणोत्सार उतरेपर्यंत वाट बघितली. मग एका सकाळी सगळे बोगद्यात उतरलो. सर होते, ताई होती, फिटर होता, दोन मोजणीवाले होते, आणि शिरस्त्राण घालून कठड्याशी उभा मी, कारण नंतर पाहुण्यांना सांगायला कुणीतरी डोळ्यांनी बघितलेलं हवं असं माझं म्हणणं होतं. फिटरनं वरचं झाकण काढलं. आत ते कडं, चकचकीत, मिटलेलं. मोजणीवाले आपलं यंत्र तिपाईवर बसवत होते. त्याला स्थिर व्हायला वेळ लागतो म्हणाले, जरा थांबा.

थांबणं हा प्रकार त्या मंडळींच्या रक्तात नाही. सर वाकले, डोकावले, आणि हात हवेत धरून म्हणाले, “मला तरी फट दिसत नाही बुवा.”

त्यात कुचेष्टा नव्हती हो. त्यांना खरंच दिसत नव्हती. ते चाळिशीचा चष्मा वरच विसरले होते. पण ताईला ते वाक्य नुसतं वाक्य वाटलं नाही. सभेतल्या टाळ्या, ‘तुमच्या छेदातसुद्धा आमचाच फुगवटा’, उपाहारगृहातलं कोपऱ्यातलं टेबल, हे सगळं तिला त्यात ऐकू आलं. तिनं फिटरच्या हातातली विजेरी हिसकावली, कठड्यावरून कमरेपर्यंत आत वाकली, आणि म्हणाली, “ही काय.”

दोन्ही अर्ध्यांच्या मधून पांढरं काहीतरी डोकावत होतं. तारा एकत्र बांधायची प्लास्टिकची पट्टी असते ना, दात असलेली, ओढली की आवळते ती. तिचं कापलेलं शेपूट आत चिमटलं गेलं होतं. मिटताना वाजलेला खटका कुलपाचा असेल किंवा त्या शेपटाचा, देव जाणे. पण ते होतं. ताईचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना दिसलं.

त्या क्षणी ती गप्प उभी राहिली असती तर.

ताईनं ते शेपूट चिमटीत धरलं आणि एका हिसक्यात ओढून काढलं. सरांच्या नाकासमोर नाचवत म्हणाली, “हा घ्या तुमचा कण.”

मागे कड्याच्या स्प्रिंगांनी आपलं काम केलं. दोन्ही अर्धी पुढे सरकली आणि टक् असा आवाज झाला. छोटासा, स्वच्छ आवाज. मोजणीवाल्याचा हात तिपाईवर तसाच राहिला.

मग फिटर म्हणाला, “बाई, मोजायची होती ना ती.”

मी ताईला रागानं लाल झालेलं कितीतरी वेळा बघितलं आहे. पांढरं पडलेलं त्या दिवशी बघितलं. तिच्या हातात ते शेपूट होतं, आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाच्या हातात ते पुरावा म्हणून शोभलं असतं. तिच्या हातात ते काहीच नव्हतं. फट होती, आणि किती होती ते आता कधीही कळणार नव्हतं.

पट्टी मोजली. जेमतेम एक मिलिमीटर जाड. पण ती चिमटून किती दबली होती, कड्याच्या एका टोकाला होती की पुरी आत होती, दुसरं टोक टेकलेलं होतं की नव्हतं, हे सांगायला कुणी साक्षीदार नव्हता. हिशेब केला तर छेदातली दुरुस्ती शून्यापासून सव्वा टक्क्यापर्यंत काहीही निघत होती. शून्य धरलं तर सरांचा कण जिवंत, सव्वा धरला तर मेलेला. मधे अख्खी प्रयोगशाळा लोंबकळत. पट्टी परत घालून बघू, असंही कुणीतरी सुचवलं. ताईनं ते तिथंच उडवून लावलं. कारण परत घातलेली पट्टी ही परत घातलेली पट्टी असते. त्याच ऊर्जेवर यंत्र पुन्हा चालवावं म्हटलं, तर पुढचा सगळा वेळ दुसऱ्या गटांना देऊन झालेला होता आणि ते तसूभर हलायला तयार नव्हते.

मला सगळ्यांचाच राग येत होता. सरांचा येत होता, कारण सभेत टाळ्या पडल्या त्याच दिवशी कडं उघडलं असतं तर ही वेळ आली नसती, आणि फट शांत डोक्यानं मोजली गेली असती. टाळ्या वाजवणाऱ्यांचा येत होता, कारण आता तेच उपाहारगृहात सांगत होते, की आम्ही म्हणालोच होतो, बाई जरा तापट आहे. खरं बोलणाऱ्या माणसाला इतकं पिळायचं की त्याचा तोल जावा, आणि मग त्याच्या तोल जाण्याबद्दल चुकचुकायचं, हे कुठलं शास्त्र? आणि ताईचा येत होता तो वेगळाच. तिला मी तो बोलूनही दाखवला. म्हणालो, “ताई, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं थांबायचं होतंत.”

“गप्प बस,” ती म्हणाली. “मला माहितेय.”

झाल्या प्रकाराची हकिगत तिला लिहून द्यावी लागली. फट का मोजली गेली नाही, या प्रश्नापुढे तिनं लिहिलं, ‘माझा संताप.’ सरांनी ते खोडून ‘मानवी कारण’ केलं. मला वाटतं त्यांनी ते चांगुलपणानं केलं. ताई ते कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेली आणि पुढचं बोलणं जिन्यापर्यंत ऐकू आलं. मानवी म्हणजे कुणाचं, ती विचारत होती. सगळ्या मानवजातीचं का? नाव लिहा. किती जणांनी ओढली ती पट्टी? एकीनं. मग एकीचं नाव लिहा. सरांनी सांगून बघितलं, की असं कुणी लिहीत नाही, वाईट दिसतं. ती म्हणाली, वाईट दिसतं ते दिसू द्या, पण मोघम दिसता कामा नये. अखेर सरांनी हात टेकले आणि ‘मानवी कारण’ खोडून पुन्हा ‘संताप’ लिहिलं, आणि पुढे तिचं पद लिहिलं.

तिनं गट सोडला नाही. फट होती, त्यामुळे सोडायची अट लागू होत नव्हती, आणि अटीपेक्षा एक शब्द जास्त पाळणं हाही तिच्या मते गलथानपणाच होता. सरांनी सभागृह रद्द केलं आणि माझा फलक मी गुंडाळून ठेवला. समितीनं तीन बैठका घेतल्या. दोन्ही बाजूंनी चांगली भाषणं झाली. ज्या वर्षाचा छेद सांगता येत नाही त्याचा अंशही वापरता येत नाही, असं ठरलं.

प्रयोगाच्या अंतिम निकालात ते वर्ष धरलेलं नाही.